दिंडोशीहून मंडपेश्वरापर्यंत

“सर, आमच्या दिंडोशीला कांहीं इतिहास आहे का?” इंग्रजी अमदानीवरील माझें व्याख्यान संपल्यावर एका विद्यार्थ्यानें प्रश्न केला. “नाहीं, तें उपनगर आहे,” असें मीं तत्काळ सांगून टाकलें. ग्रीस व रोम यांचा इतिहास शिकवितां शिकवितां ज्याचे केस पिकले, त्याला असें उत्तर देण्यास विचार करावा लागत नाहीं! परंतु रात्रीं तें उत्तर मला बोचूं लागलें. आणि पुढल्या रविवारीं त्या मुलास बरोबर घेऊन मीं दिंडोशीहून उत्तरेची वाट पायींच धरली.

मुंबईचा म्हणून आपण जो इतिहास सांगतों, तो बहुधा कोटाचा असतो. १६६१ सालच्या विवाहाच्या करारानें मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली, येथून त्याचा आरंभ. पण दिंडोशी त्या बेटावर नव्हेच, ती साष्टींत. साष्टी पोर्तुगीजांनीं आपल्याकडेच ठेविली. १७३७ सालीं ती मराठ्यांनीं जिंकली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं घेतली. म्हणजे सुमारें ३७ वर्षें या भूमीवर मराठ्यांचा अंमल होता; कोटांतील मुंबईवर तो कधींच नव्हता. मुंबई महापालिकेच्या हद्दींत हा भाग आला, तोहि १९५७ सालीं. मी शिकवीत होतों तो इतिहास माझ्या विद्यार्थ्याच्या गांवाचा नव्हताच!

डोक्यावर मेट्रोचा पूल घेऊन आम्ही महामार्गानें चाललों. कुरार, आकुर्ली, पोईसर अशा पाट्या मागें पडल्या आणि ‘मागाठाणे’ ही पाटी दिसतांच मी थांबलों. कान्हेरीच्या एका प्राचीन शिलालेखांत मंगलठाण नांवाच्या गांवांतील शेत भिक्षुसंघास दान दिल्याचा उल्लेख आहे. तेंच हें गांव, असें अभ्यासक मानतात. डोंगरावरील भिक्षूंनीं पाण्यासाठीं खडकांत टाकीं खोदलीं. पण धान्य कांहीं खडकांत पिकत नाहीं! तें पायथ्याच्या शेतांतूनच वर जावयाचें. जवळच घरांच्या दाटींत मागाठाण्याचीं बौद्ध लेणीं आहेत. वाट विचारली, तेव्हां कपडे वाळत घालणाऱ्या एका आजींनीं बोटानेंच दिशा दाखविली. लेणीं झिजलीं, शेतें गेलीं. गांवाचें नांव मात्र जिभेवर टिकलें.

रुळांपलीकडे जाऊन मंडपेश्वरास पोहोंचेपर्यंत ऊन उतरलें होतें. हें मूळचें शैव लेणें. सोळाव्या शतकांत फ्रान्सिस्कन पाद्र्यांनीं त्याचें प्रार्थनामंदिर केलें आणि वर मठ बांधला. त्याचे अवशेष माथ्यावर उभे आहेत. खालीं नटराजाचा भग्न शिल्पपट अजून दिसतो; दुसऱ्या एका भिंतीवर मूळचें शिल्प तासून कोरलेला क्रूस आहे; आणि गाभाऱ्यांत पुन्हां शिवलिंगाची पूजा होते.

मुलगा त्या क्रूसासमोर बराच वेळ उभा होता. “सर, हा काढून टाकला तर पूर्वींचें शिल्प दिसेल का?” त्यानें विचारलें. त्याच्या स्वरांत राग होता, आणि तो मला समजत होता. मीं म्हटलें, “नाहीं, बाळ. तें शिल्प गेलें तें गेलेंच. क्रूस काढलास, तर तें गेलें कसें हें सांगणारी साक्षहि जाईल.” तो कांहीं बोलला नाहीं, पण निघण्यापूर्वीं त्यानें वहींत त्या भिंतीचें चित्र काढून घेतलें, क्रूसासकट.

सोमवारीं वर्गांत मीं माझें उत्तर सर्वांसमक्ष परत घेतलें. मग हजेरी घेतांना प्रत्येकाला त्याच्या गांवाचें नांव विचारलें. त्या दिवशीं रोमचा धडा राहिला.