स्तंभावरचे नाव, दप्तरातले नाव

कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या ४९ सैनिकांची नावे आहेत. त्यांतली २२ 'नाक' शेवट असलेली, म्हणजे महारांची. आपण ती अभिमानाने वाचतो. पण त्या २२ जणांच्या मागे राहिलेल्या बायांची नावे कोठे आहेत? आपल्या इतिहासलेखनाने हा प्रश्न फारसा विचारलेला नाही.

लष्कराने अस्पृश्याला बंदूक दिली, तशी नोंदही दिली. गावात तो हक्काने नव्हे, वेठीने ओळखला जाई. पलटणीच्या दप्तरात त्याला हुद्दा, पगार आणि पेन्शन होती. दापोलीला अशा पेन्शनरांची वस्तीच होती. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली, तेव्हा हे दप्तरच मिटले. गोपाळबाबा वलंगकर या पेन्शनरानेच त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा मागणी केली. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा दप्तर पुन्हा उघडले.

आज प्रश्न दप्तरात शिरण्याचा नाही, त्यात बरोबर लिहिले जाण्याचा आहे. मृत्यू कोणत्या कारणाने झाला यावर विधवेचे निवृत्तिवेतन ठरते: सर्वसाधारण असेल तर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, सेवेमुळे मृत्यू आला तर ६० टक्के, युद्धात आला तर पूर्ण पगाराइतके. मात्र त्याआधी ती त्याची पत्नी म्हणून नोंदलेली असावी लागते. आपल्याकडे माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे. सेवापुस्तकात 'सोनू', आधार कार्डावर 'सोनाबाई'. मग ही बाई कोण?

संरक्षण खात्याने आता पेन्शन संगणकावर नेली आहे. त्या व्यवस्थेचे नाव 'स्पर्श'! ज्यांच्या सावलीचाही विटाळ होई, त्यांच्या लेकीसुनांना हे नाव वाचताना काय वाटत असेल? व्यवस्था वाईट आहे, असे मी म्हणत नाही. प्रयागराजला अडकलेला कागद कोठे आहे, हे घरबसल्या कळते, ही मोठी गोष्ट आहे. पण कळते कोणाला? ज्याला वाचता येते, ज्याच्या हाती फोन आहे, ज्याचे नाव दोन्हीकडे सारखे आहे, त्याला. शिवाय नवरा गेलेल्या बाईला आपण जिवंत असल्याचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो.

मी भाईंदरला राहतो. आमचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ठाण्याला. तेथे जायला सरळ लोकल नाही. घोडबंदर रस्त्याने बस. स्टीलच्या कारखान्यात भांडी घासून चकाकवणाऱ्या बाईचा त्यात एक रोज बुडतो. एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी असे किती रोज बुडवायचे?

वलंगकरांनी अर्ज लिहिला, तेव्हा लिहिता येणे हेच चळवळीचे हत्यार होते. आजही आहे. कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी वस्तीतल्या प्रत्येक सैनिकाला, तो सुट्टीवर आला असताना, म्हणजे जिवंत असताना, विचारावे: बायकोचे नाव दप्तरात कसे लिहिले आहे? मुलांच्या जन्माची नोंद झाली का? चूक असेल तर अर्ज तेथेच बसून लिहावा. ते नाव दगडावर कोरले जाणार नाही. पण त्यावर एक घर जगेल.