पंधरा निवेदक, एक खून : अर्नेस्ट गेन्स यांच्या कादंबरीतील लुइझियाना

अमेरिकेच्या दक्षिणेतील वांशिक विषमतेचा इतिहास शोधू जाणाऱ्यास न्यायालयांचे व पोलिसांचे कागद विपुल सापडतात. परंतु ते बहुतांशी एकाच बाजूच्या लेखणीतून उतरलेले असतात. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याची साक्ष एक तर घेतलीच गेली नाही, अथवा घेतली तरी तिला वजन दिले गेले नाही. १९८३ साली प्रसिद्ध झालेली अर्नेस्ट गेन्स यांची ‘अ गॅदरिंग ऑफ ओल्ड मेन’ ही कादंबरी या उणिवेच्या संदर्भात अभ्यासणे उपयुक्त ठरते. गेन्स (१९३३–२०१९) यांचा जन्म लुइझियानातील पॉइंट कूपी परगण्यात, एका मळ्यावरील मजुरांच्या वस्तीत झाला. कादंबरीतील मळा कल्पित आहे. माती मात्र तीच.

बो बूटान या गोऱ्या केजन शेतकऱ्याचा खून होतो आणि संशय मॅथू या वृद्ध कृष्णवर्णीयावर येतो. तेव्हा मळ्याच्या आसपासचे कृष्णवर्णीय म्हातारे आपापली बंदूक घेऊन जमतात व प्रत्येक जण ‘खून मीच केला’ असे सांगतो. ही कथा पंधरा निवेदक सांगतात. कृष्णवर्णीय निवेदकांच्या प्रकरणांच्या शिरोभागी टोपणनावासोबत पूर्ण नावही येते. आयुष्यभर ‘चिमली’ म्हणून हाक मारला गेलेला माणूस तेथे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन बँक्स असतो.

खुनाचा कबुलीजबाब ही या म्हाताऱ्यांना बोलण्यासाठी मिळालेली केवळ सबब होय. शेरीफला हवे असते त्या एका दुपारचे वृत्त. त्याला ऐकावी लागते अर्ध्या शतकाची कैफियत. कूट पहिल्या महायुद्धात ३६९ व्या पायदळ पलटणीतून फ्रान्समध्ये लढला. या पलटणीस फ्रेंच सरकारने ‘क्रॉय द गेर’ हे सन्मानपदक दिले होते. पण घरी परतलेल्या कूटला गणवेश व पदक पुन्हा अंगावर दिसता कामा नये, अशी तंबी मिळाली. टकरचा भाऊ सायलस बटाईने जमीन कसत असे. त्याने खेचरांच्या बळावर ट्रॅक्टरशी लावलेली शर्यत जिंकली, आणि जिंकली म्हणूनच तो मारला गेला. यंत्रांच्या आगमनाबरोबर चांगल्या जमिनी कोणाच्या हाती गेल्या, हा आर्थिक इतिहासाचा विषय येथे एका भावाच्या तोंडून येतो.

गेबलची हकीकत सर्वांत दारुण आहे. त्याच्या अल्पवयीन मुलास विजेच्या खुर्चीत बसविले गेले, आणि खुर्ची पहिल्या वेळी नीट चाललीच नाही. येथे लुइझियानातीलच विली फ्रान्सिसच्या खटल्याचे स्मरण अपरिहार्य आहे. मे १९४६ मध्ये सतरा वर्षांच्या विलीला मारण्याचा पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्या प्रयत्नास सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी वाट मोकळी करून दिली, आणि मे १९४७ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. न्यायालयापुढे प्रश्न होता तो घटनात्मक तरतुदींचा. गेबलपाशी आहे तो फक्त मुलगा.

तथापि या बहुस्वरी रचनेला सर्वांच्या समान सहभागाचे रूप समजणे भाबडेपणाचे ठरेल. ज्याच्यासाठी सारे जमतात तो मॅथू निवेदक नाही. प्रत्यक्ष खून करणारा चार्लीही नाही. या दोघांना वाचक इतरांच्या नजरेतूनच पाहतो. उलट लू डाइम्स या गोऱ्या वार्ताहराकडे एकाहून अधिक प्रकरणे आहेत, आणि अखेरच्या खटल्याचा वृत्तान्तही तोच देतो. त्या खटल्यात न्यायाधीश आरोपींना परिवीक्षेवर सोडतो आणि बंदूक बाळगण्यास मनाई करतो.