रेडिओ दीर्घिका

सक्रिय गाभ्यातून उच्च ऊर्जेचे कण व तीव्र रेडिओ प्रारण बाहेर टाकणारी दीर्घिका. गाभ्यातील प्रचंड वस्तुमानाच्या कृष्णविवराकडे ओढल्या जाणाऱ्या द्रव्यापासून परस्परविरुद्ध दिशांना दोन झोत निघतात. त्यांतील इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ प्रकाशवेगाने फिरताना सिंक्रोट्रॉन प्रारण उत्सर्जित करतात. हंस तारकासमूहातील प्रबळ उद्‌गमाचे असे दोन खंड १९५३ साली आर्. सी. जेनिसन व मृणाल कुमार दासगुप्ता यांनी इंग्लंडमध्ये दाखवून दिले.

अधिक ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा लवकर क्षीण होते. त्यामुळे झोत थांबल्यावर जुने खंड मुख्यत्वे दीर्घ तरंगलांबीवरच दिसत राहतात. या तरंगलांबींवरील निरीक्षणांसाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या उत्तरेस सु. ८० किमी.वरील खोडद परिसरात महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शक १९९० नंतरच्या दशकात उभारण्यात आला. प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० अँटेना सु. २५ किमी. विस्तारात आहेत. तारांच्या जाळीमुळे त्या हलक्या व कमी खर्चाच्या झाल्या. ‘स्पेका’ या दीर्घिकेच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नव्या झोतांबरोबर विझत चाललेले जुने खंडही आढळले. गाभ्याची सक्रियता थांबून पुन्हा सुरू होऊ शकते, हे अशा निरीक्षणांवरून कळते. केवळ लघू तरंगलांबीवर पाहिल्यास हा पूर्वेतिहास बव्हंशी अदृश्यच राहतो.