चिमणरावांचे तीन अवतार

जुन्या विनोदी बोलपटातील माणसे पुढे दूरचित्रवाणीवर आणली, तर ती तेथे जगतात काय? प्रश्न करमणुकीचा दिसतो. पण त्याच्या तळाशी इतिहासाचा प्रश्न आहे. एका पिढीचे हसू दुसऱ्या पिढीला वारशाने मिळते काय, आणि मिळाले तर ते तेच राहते काय? मराठीत ह्याचे उत्तर शोधावयाचे तर चिमणराव-गुंड्याभाऊंसारखे दुसरे उदाहरण नाही. त्या उदाहरणाचा एक धागा आपल्या कोल्हापुरात गुंतलेला आहे, म्हणून वारणाकाठी त्याची चर्चा अस्थानी होऊ नये.

चिमणराव प्रथम कागदावर जन्मले. त्यांचे जनक चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्यास पालीचे प्राध्यापक होते. बौद्ध वाङ्मयाचा हा अभ्यासक पुण्याच्या एका कारकुनाच्या फजितीच्या गोष्टी लिही. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ १९३२ साली आणि ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ १९३३ साली निघाले. काळ जागतिक मंदीचा होता. १९३१ साली सरकारी नोकरांच्या पगारात शेकडा १० कपात झाली होती. गिरणीतला मजूर संप तरी करी. कारकुनाला तेही जमत नसे. अंगावरचा कोट त्याला आडवा येई. घरी ऐपत नाही आणि बाहेर ऐट सोडवत नाही, अशा कात्रीत तो सापडलेला असे. चिमणरावांच्या घरातली नावेच पाहा: पत्नी काऊ, मुले मोरू, मैना आणि राघू. साऱ्या घरालाच पाखरांची नावे, आणि पाखरांसारखेच दाणे टिपून जगणारे ते घर! अशा माणसाच्या पाठीशी दणकट, तापट गुंड्याभाऊ उभा केला, की जे चिमणरावांना धजत नाही ते गुंड्याभाऊ करून टाकतो, आणि निस्तरतात मात्र चिमणराव.

ह्या गोष्टींची खरी गंमत सांगण्यात आहे. चिमणराव आपली हकीकत आपणच सांगतात, तीही मोठ्या गांभीर्याने. आपण कोठे हास्यास्पद झालो हे सांगणाऱ्याला उमगत नाही, वाचकाला उमगते. पुस्तकात हे सहज साधते. पडद्यावर मात्र माणूस बाहेरून दिसतो, आणि बाहेरून दिसणारी फजिती लवकर माकडचेष्टा होते. चिमणरावांना पडद्यावर आणणाऱ्या प्रत्येकापुढे हीच अडचण उभी राहिली.

पहिला प्रयत्न कोल्हापूरकर मंडळींचा. कोल्हापुरात जन्मलेल्या मास्टर विनायकांनी हंस पिक्चर्समधून १९३८ साली ‘ब्रह्मचारी’ आणि १९३९ साली ‘ब्रँडीची बाटली’ हे आचार्य अत्र्यांच्या कथांवरचे बोलपट काढून मराठी पडद्याला विनोदाची गोडी लावली. पुढे ही मंडळी नवयुग चित्रपट संस्थेत गेली, आणि १९४० साली चिं. वि. जोशींच्या कथेवरून ‘लग्न पहावे करून’ हा बोलपट निघाला. नाव म्हणीतले, आणि विषय लग्न जुळवण्याच्या खटपटीचा. चिमणराव झाले दामुअण्णा मालवणकर, गुंड्याभाऊ झाले विष्णुपंत जोग. १९४२ साली ‘सरकारी पाहुणे’ आला. दामुअण्णा रंगभूमीवर मुरलेले नट. त्यांचे ते तिरळे डोळे पडद्यावर दिसले की हशा पिके. विनायकांनी वरील अडचणीतून अशी वाट काढली: चिमणरावांच्या शब्दांत जे होते, ते त्यांनी नटाच्या मुद्रेवर सोपवले. हसे मोठे झाले, आणि आडवे-तिडवे न होता माणसाजवळच राहिले.

दुसरा प्रयत्न दूरचित्रवाणीचा. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे ‘चिमणराव’ ही मालिका आली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आमच्या ह्या भागात तेव्हा ते चित्र दिसतच नव्हते. आम्ही त्यातले थोडे भाग फार उशिरा पाहिले. तेव्हा आठवणींचा मोह आमच्या मतात मिसळलेला नाही, एवढे आम्ही सांगू शकतो.

आमचे मत असे, की मालिका यशस्वी झाली. आणि झाली ती बोलपटाची नक्कल केली नाही म्हणून. प्रभावळकरांनी दामुअण्णांच्या चेहऱ्याशी स्पर्धा केली नाही. ते सरळ मूळ गोष्टींकडे गेले. दूरचित्रवाणीच्या लहान पडद्यावर चेहरा जवळ येतो. म्हणून थोडीशी भुवई, थोडासा अडखळलेला आवाज पुरतो. बोलपटाला दोन-अडीच तासांचे एक कथानक जुळवावे लागते, पण चिमणरावांच्या आयुष्याला कथानक नाहीच. एक फजिती संपते तोच दुसरी दारात उभी. ती मालिकेच्या साच्यात नेमकी बसली. यशाची पावती अशी, की १९७९ साली ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपट निघाला, तेव्हा त्यात हीच दूरचित्रवाणीची जोडी घ्यावी लागली. मोठ्या पडद्याने धाकट्याकडून माणसे उसनी घेतली!

ह्यातून एक नियम निघतो. १९६६ च्या ‘बीवी और मकान’ ह्या हिंदी चित्रपटावरून १९८८ साली ‘अशी ही बनवाबनवी’ निघाला आणि मूळापेक्षा अधिक जगला. का? भाड्याची खोली मिळत नाही म्हणून पुरुषांनी बायकांचे सोंग घ्यावे, ही मूळ नड पुण्यातही तितकीच खरी होती. विनोद उचलून आणता येत नाही. नड उचलून आणता येते. ती नवीन ठिकाणी खरी असली, तर विनोद तिला आपोआप फुटतो.

ह्याच कसोटीवर ‘चिमणराव’ मालिकेकडे पाहिले, की एक उणीव दिसते. डिसेंबर १९७७ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी कर्मचारी केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मागत संपावर गेले, आणि तो संप ५४ दिवस चालला. साहेबाची पावले वाजली की ज्याने मान खाली घालावी, त्या चिमणरावांचे नातू रस्त्यावर घोषणा देत होते. त्याच सुमाराचे चिमणराव मात्र पडद्यावर जुन्या पेहरावात, जुन्या पुण्यात वावरत होते. प्रेक्षक हसले ते आजोबांना हसले. १९३३ चा वाचक स्वतःला हसला होता. दोन्ही हसणी खरी आहेत, पण पहिल्यात जिव्हाळा अधिक आणि दुसऱ्यात बोच अधिक. वारसा मिळाला, पण त्याची धार तेवढी बोथट झाली.

बोच गेली म्हणून काय बिघडले, असे कोणी विचारील. आम्ही आमच्या धंद्यातला अनुभव सांगतो. दारसभेत आम्ही भत्त्याचे आकडे सांगू लागलो की माणसे जांभया देतात. पण साहेबापुढे रजेचा अर्ज नेताना आपले पाय कसे लटपटतात, त्याची नक्कल करून दाखवली की सारी सभा हसते. आणि हसून झाल्यावर माणसे जरा ताठ उभी राहतात. आपली भीती आपल्याला दिसली, की ती निम्मी होते. चिं. विं.नी हे काम कोणताही झेंडा न घेता केले.

म्हणून चिमणराव पुन्हा पडद्यावर येणार असतील, तर आमची एकच मागणी आहे. पगडी-उपरण्याची हौस आता पुरे झाली. त्यांना आजच्या कचेरीत बसवा. अकरा महिन्यांचा करार, हजेरीला अंगठ्याचे यंत्र, घराच्या कर्जाचा हप्ता आणि खिशातल्या फोनवर रात्री दहाला येणारा साहेबाचा निरोप, एवढे त्यांच्या वाट्याला द्या. गुंड्याभाऊला फार बदलावे लागणार नाही. तसला भाऊबंद अजून प्रत्येक घरात आहे. मग समोर बसलेला प्रेक्षक कोणाला हसतो ते पाहा. तो थोडा वरमून, शेजाऱ्याकडे बघून हसला, तर चिमणरावांचा चौथा अवतार साधला असे खुशाल समजावे.