इंग्रजी विशेषणे : जात आणि जागा

गुणवाचक, संख्यावाचक, सार्वनामिक हे प्रकार बहुतेकांनी शाळेत पाठ केलेले असतात. गुण मिळवायला तेवढे पुरते. मात्र इंग्रजी विशेषणांची जात वाटते तितकी पक्की नाही. लॅटिनच्या वळणाने लिहिलेल्या जुन्या इंग्रजी व्याकरणांत विशेषण हा नामाचाच पोटभेद होता. रॉबर्ट लाउथ यांच्या १७६२ च्या व्याकरणात ते स्वतंत्र शब्दजात म्हणून येते. पुढे काही शब्दांना याच घरातून बाहेर पडावे लागले. ‘माय’, ‘धिस’ यांना आपली शालेय पुस्तके आजही विशेषणे म्हणतात, तर रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांचे १९८५ चे बृहद्‌व्याकरण त्यांना ‘डिटर्मिनर’ या गटात बसवते. ते मला पटते. ‘बिग ओल्ड हाउस’ म्हणता येते, ‘माय धिस हाउस’ म्हणता येत नाही. मराठीत ‘माझे हे घर’ बिनदिक्कत चालते, म्हणून तर आपली मुले नेमकी इथे घसरतात.

म्हणून या पुस्तकात प्रकारांपेक्षा जागेवर भर आहे. ‘अस्लीप’ घ्या. ‘द चाइल्ड इज अस्लीप’ बरोबर, ‘द अस्लीप चाइल्ड’ चूक. कारण इतिहासात आहे: सुरुवातीचा ‘अ’ म्हणजे झिजलेला ‘ऑन’. शब्दाची मूळ घडण ‘झोपेत’ अशी आहे. मराठीतही ‘मूल झोपेत आहे’ म्हणतो, पण नामाआधी ‘झोपेतले’ करावे लागते. ‘अलाइव्ह’चीही हीच कथा.

विशेषणांच्या क्रमाचे प्रकरण मला सर्वांत प्रिय. टॉल्किन यांनी लहानपणी ड्रॅगनची गोष्ट लिहिली, तेव्हा आईने ‘ग्रीन ग्रेट ड्रॅगन’ नव्हे, ‘ग्रेट ग्रीन ड्रॅगन’ म्हणावे असे सांगितले. का, हे कोडे त्यांना मोठेपणीही सुटले नव्हते. मत, आकारमान, वय, रंग, मूळ, द्रव्य अशी क्रमवारी हल्ली सर्रास शिकवली जाते. ती उपयोगी आहे, पण तिला कायदा समजू नये; ‘बिग बॅड वुल्फ’ तिला जुमानत नाही, कारण तिथे मत आकारमानाच्या मागे आले आहे.

तरतमभावाचे प्रकरण आटोपशीर आहे. एका अवयवाच्या शब्दांना सहसा ‘अर’, लांबलचक शब्दांना ‘मोअर’. ‘क्लेव्हर’सारख्या मधल्यांना दोन्ही चालतात. घाई असेल त्यांनी ते वगळून थेट क्रमाकडे वळावे. उदाहरणे मात्र मोठ्याने वाचावीत.