गिरणगाव आणि रक्तक्षयाचे औषध

रक्तक्षयावर लोह द्यावे, हे ज्ञान जुने आहे. आपल्या वैद्यांनी पांडुरोगावर लोहभस्म आणि मंडूर वापरले. सतराव्या शतकात इंग्लंडात सिडनहॅमने लोखंडाचा कीस मद्यात भिजवून रोग्यांना दिला. १८३२ साली फ्रान्समध्ये ब्लो याने लोहाच्या गोळ्या पुढे आणल्या. परंतु लोहाने न हटणारा एक रक्तक्षय मुंबईत होता आणि त्याचे कोडे आमच्या गिरणगावातच उलगडू लागले, ही हकीकत फार थोड्यांस ठाऊक आहे.

१९२८ साल आम्हां कामगारांना आठवते ते गिरण्यांच्या सहा महिन्यांच्या संपामुळे. त्याच वर्षी डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज विदुषी परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. गरोदर स्त्रिया का दगावतात, याची चौकशी चालू होती. गिरणीत खपणाऱ्या गरीब बायांचे रक्त त्यांनी तपासले. लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान होतात. येथे त्या संख्येने थोड्या, पण आकाराने मोठ्या होत्या. रोगजंतूंचा माग काढला, तो लागला नाही. मग विल्सबाईंनी ताटाकडे पाहिले. भाजीपाला, फळे, दूध यांची तेथे वाणच होती. तसल्याच निकृष्ट अन्नावर उंदीर व माकडे ठेवून त्यांनी प्रयोग केले. अखेर यीस्टपासून केलेल्या 'मार्माइट' नावाच्या स्वस्त अर्काने रोगी बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलिक आम्ल. १९४१ साली ते पालकातून वेगळे काढण्यात आले, आणि 'पान' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले.

१९७० पासून भारत सरकार गरोदर स्त्रियांना लोह आणि फोलिक आम्ल यांची गोळी देत आले आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. गोळी घ्यावीच, तीत हयगय नको. परंतु विल्सबाईंनी जे पाहिले ते औषधाच्या दुकानात नव्हे, चुलीपाशी पाहिले. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, तोही याच कारणासाठी आम्हांला मोलाचा वाटतो. मजुरीचा प्रश्न आणि रक्ताचा प्रश्न हे दोन नव्हेत. ज्या पगारात भाकरीबरोबर पालेभाजी येत नाही, तो पगार अपुरा आहे, असे आमचे मागणे आहे. आणि त्याला परळच्या प्रयोगशाळेची साक्ष आहे.