पंतोजींची पाठ वळल्यावर

नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्याच्या डोंगराळ मुलखात, एखाद्या तांड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, जेथे इयत्ता चार आणि गुरुजी दोन, तेथे एक गुरुजी पहिलीच्या पाच-सहा मुलांना जवळ घेऊन अक्षरांची ओळख करून देत असतात, आणि त्याच वेळी उरलेली मुले फरशीवर रंगविलेल्या चौकटींत शब्दपट्ट्या लावीत किंवा भिंतीलगतच्या वाचनकोपऱ्यात गोष्टींची पुस्तके उलगडीत आपापल्या उद्योगात गढलेली असतात. हे दृश्य सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या रचनावादी प्रयोगाचे आणि २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासननिर्णयाचे फलित मानले जाते, आणि ते यथार्थही आहे. तथापि त्याचे मूळ शोधीत गेल्यास पावले पंतोजींच्या ओसरीपर्यंत जातात.

पंतोजींच्या त्या गावठी शाळेत आजच्या अर्थाने इयत्ता नव्हत्या. कोणी धूळपाटीवर अक्षर गिरवी, कोणी पावकी-निमकी घोकी, कोणी कित्त्यावरून मोडीचे वळण उचली. पंतोजी एकाच्या हाताला वळण लावीत असता बाकीच्यांचा अभ्यास जाणती पोरे म्हणवून घेत. १७८९ साली मद्रासजवळ एगमोर येथे लष्करातील अनाथ मुलांच्या आश्रमाचा कारभार पाहणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने मलबारी शाळेतील मुलांना वाळूत अक्षरे काढताना पाहिले, ती रीत आपल्या शाळेत आणली, आणि हाताखालचे शिक्षक ती चालवीनात तेव्हा थोरल्या मुलांकरवी धाकट्यांना शिकविले. १७९७ मध्ये लंडनमध्ये त्याचा वृत्तांत छापला गेला. पुढे इंग्लंडमध्ये लँकेस्टर नावाच्या शिक्षकाने त्याच धर्तीवर एका शिक्षकाच्या देखरेखीखाली शेकडो मुले बसविली, आणि हीच पद्धत विलायती शिक्का घेऊन मुंबई इलाख्यात परत आली. आपली धूळपाटी सातासमुद्रांपलीकडे जाऊन आली, याचा अभिमान मला वाटतो. परंतु त्या ओसरीवर मुली नव्हत्या, अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्यांची मुले नव्हती, आणि घोकणाऱ्यास अर्थ कळला की नाही याची विचारपूस क्वचितच होई, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

मुखेडचा मुलूख मात्र तेव्हा मुंबई इलाख्याबाहेर, निजामाच्या अमलाखाली होता. घरी मराठी बोलणाऱ्या मुलास वरच्या वर्गांत उर्दूतून शिकावे लागे. दफ्तराची भाषा आणि आईची भाषा यांतील हे अंतर १७ सप्टेंबर १९४८ नंतरच हळूहळू मिटू लागले.

खरे परिवर्तन मात्र ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी घडविले. १९४५ मध्ये बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी जे काम उभारले, त्यात शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने होती. मूल आपण होऊन त्यांतले काही निवडी आणि त्यात रमे. गुरे राखणारी पोरे शाळेत येईनात तेव्हा शाळाच कुरणात गेली. पंतोजींच्या ओसरीवर पाठ वळली की धाक उरे; येथे पाठ वळली तरी मुलाच्या हाती काम उरत होते, आणि ते त्याचे स्वतःचे होते. मराठवाड्यातील एकशिक्षकी शाळांना हेच हवे होते, पण त्यासाठी १९८७ च्या खडू-फळा मोहिमेची आणि १९९४ मध्ये नांदेड-लातुरात आलेल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाची वाट पाहावी लागली.

फरशीवर रंग दिला म्हणजे मूल वाचू लागते असे नव्हे. शब्दपट्ट्या रंग पाहून जुळविणारी मुलेही असतात, आणि ती ओळखण्यास गुरुजींना मधूनमधून त्या कोपऱ्याकडे फिरावेच लागते. तांड्यावरच्या मुलीची घरची बोली गोरमाटी. ती चिंचोक्यांनी ‘आ’ मांडते, शेजारची तिला त्यापुढे ‘ई’ मांडून दाखविते, आणि दोघी तो शब्द आधी मराठीत, मग ‘याडी’ असा आपल्या बोलीत म्हणतात. गुरुजी तिकडे, पहिलीच्या मुलांत, अजून गुंतलेलेच असतात.